ओकाझाकी तुकड्यांचा एवढा खटाटोप कशासाठी?

निपाणीजवळच्या एका गावातली, दुसऱ्या पीयूसीत (म्हणजे बारावीत) सायन्सला असलेली मुलगी विचारते: "दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. आता डीएनए रेप्लिकेशनचा पाठ इंग्रजीत आहे. आकृती काढता येते, व्याख्याही पाठ आहेत. पण एक धागा सलग आणि दुसरा तुकड्या-तुकड्यांनी का तयार होतो ते कळत नाही. एन्झाइम एकाच दिशेने चालतं म्हणून, असं सर सांगतात. पण ते एकाच दिशेने का चालतं? आणि हे शिकून पुढे उपयोग कुठे होतो?"

तुझ्या प्रश्नातलं दुसरं 'का' फार मोलाचं आहे. बहुतेक मुलं पहिल्या 'का'चं उत्तर पाठ करून थांबतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बेळगावात २८ वर्षं रक्ताच्या आणि गाठींच्या स्लाइड बघते आहे. माझी शाळाही खानापूर तालुक्यातली मराठीच. पीयूसीला आल्यावर 'न्यूक्लिअस' म्हणजे आपलं केंद्रकच, एवढं मनात बसायलासुद्धा दिवस गेले होते. म्हणून जमेल तेवढं आपल्या भाषेत सांगते. शब्द इंग्रजीच लिहावे लागले तरी गोष्ट मराठीत समजली की ती हलत नाही.

आधी कामाचा पसारा लक्षात घे. माणसाच्या एका पेशीत डीएनएच्या अक्षरांच्या साधारण ६४० कोटी जोड्या असतात. सगळे धागे सरळ करून टोकाला टोक जोडले तर २ मीटर भरतील, आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्याही नसलेल्या केंद्रकात बसलेले असतात. पेशी दुभंगण्याआधी या सगळ्याची एक पूर्ण प्रत निघायला हवी. ही नक्कल म्हणजेच रेप्लिकेशन. तू हे वाचतेस तेवढ्यात, दर सेकंदाला, तुझ्या हाडांतली मज्जा २० लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार करते आहे. त्यांच्या मागे असलेल्या प्रत्येक विभाजनाआधी ही नक्कल झालेली असते.

ए समोर टी, जी समोर सी, हे तुला येतं. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये दुहेरी पिळाची रचना मांडली. तिला रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण चित्राचा मोठा आधार होता. ती रचना बघितल्याबरोबर नक्कल कशी निघत असेल हे सुचण्यासारखं होतं: दोन धागे सोडवायचे आणि प्रत्येकासमोर नवा जोडीदार विणायचा. १९५८ मध्ये मेसेलसन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजन वापरून ते सिद्ध केलं. तो प्रयोग पुस्तकात नीट दिलेला आहे, मी पुन्हा सांगत नाही. एवढंच ध्यानात ठेव की प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो. 'जुना कोणता, नवा कोणता' याची गरज पुढे लागणार आहे.

धागे सोडवणं वाटतं तितकं सोपं नाही. घरी बैलाचा कासरा असेल तर त्याचे पेड मधूनच उकलून दोन्हीकडे ओढून बघ. पुढचा दोर आणखी घट्ट पिळत जातो आणि शेवटी गाठ बसते. डीएनएमध्ये साधारण दर १० अक्षरांना एक वेढा आहे. हेलिकेज नावाचं एन्झाइम धागे उकलत पुढे सरकतं तसा पुढचा पीळ वाढत जातो. तो उतरवायला टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइमं असतात. ती धागा कापतात, पीळ जाऊ देतात आणि परत सांधतात. टायफॉइडला पूर्वी सर्रास देत ती सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी जंतूच्या याच एन्झाइमला अडकवते. धागा कापलेल्या अवस्थेतच अडकून पडतो आणि जंतू मरतो.

आता तुझा खरा प्रश्न. पॉलिमरेज, म्हणजे अक्षरं जोडत जाणारं एन्झाइम, नवा धागा ५ प्राइमकडून ३ प्राइमकडेच (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं) का वाढवतं?

घराचं बांधकाम बघितलं असशील. गवंडी वीट उचलतो, तिला मसाला लावतो, बसवतो, ओळंबा धरतो. वीट वाकडी बसली असेल तर काढून टाकतो आणि दुसरी घेतो. काम थांबत नाही, कारण दुसऱ्या विटेबरोबर तिचा मसाला येतोच. डीएनएची अक्षरंही अशीच येतात. प्रत्येक सुट्या अक्षराच्या पाठीवर तीन फॉस्फेट असतात. त्यांतले दोन तुटताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर ते अक्षर धाग्याला चिकटतं. म्हणजे चिकटण्याची ताकद येणाऱ्या अक्षराजवळ असते. चुकीचं अक्षर बसलं, ते काढून टाकलं, तरी धाग्याचं टोक पूर्वीसारखंच राहतं आणि पुढचं अक्षर आपली ताकद घेऊन येतं.

आता उलट दिशेने चालणारं पॉलिमरेज असतं असं समज. तिथे तीन फॉस्फेट वाढत्या धाग्याच्या टोकावर असायला हवेत. म्हणजे मसाला येणाऱ्या विटेला न लावता भिंतीच्या शेवटच्या थरावर पसरलेला आहे आणि नवी वीट कोरडीच येते. तरीही भिंत चढेल. पण शेवटची वीट चुकली आणि ती उचलली, तर तिच्यावरचा मसालाही तिच्याबरोबर गेला. खाली कोरडी भिंत, हातात कोरडी वीट. काम तिथेच बंद. अशा पेशीपुढे दोनच वाटा राहतात: चूक तशीच ठेवायची, नाहीतर नक्कल अर्धवट सोडायची.

एकाच दिशेची ही अट चूक खोडता यावी म्हणून आहे. जीवसृष्टीतलं एकही ज्ञात डीएनए पॉलिमरेज उलट दिशेने धागा विणत नाही.

ही अट मान्य केली की बाकीची आकृती आपोआप उलगडते. डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट तोंडाचे आहेत. ते जिथे उकलतात ती जागा चिमट्यासारखी दिसते, आणि हा चिमटा एकाच बाजूला उघडत जातो. एका धाग्यावर पॉलिमरेज चिमट्याच्या मागोमाग सरळ चालत राहतं. दुसऱ्या धाग्यावर मात्र त्याला चिमट्याकडे पाठ करून विणावं लागतं. थोडं विणेपर्यंत मागे नवी जागा उघडी पडलेली असते, मग परत जवळ येऊन नवा तुकडा सुरू. हेच ओकाझाकी तुकडे. माणसात ते १०० ते २०० अक्षरांचे असतात, जंतूंमध्ये १,००० ते २,००० अक्षरांचे. ढोबळ हिशेब केला तर तुझी एक पेशी दुभंगण्याआधी असे ४ कोटींच्या आसपास तुकडे तयार होतात आणि लायगेज त्यातला प्रत्येक सांधा जोडतं.

प्राइमर, म्हणजे सुरुवात करून देणारा छोटा तुकडा, का लागतो, हेही त्याच ओळंब्यातून कळतं. पॉलिमरेज पुढचं अक्षर लावण्याआधी मागची जोडी नीट बसली आहे ना ते बघतं. मागे काहीच नसेल तर बघणार काय? म्हणून ते कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही. सुरुवात प्रायमेज करतं, पण आरएनएची साधारण १० अक्षरं लावून. ही सुरुवात न तपासलेली असते. ती डीएनएमध्ये न करता आरएनएमध्ये केल्यामुळे वेगळी ओळखता येते, आणि नंतर ती काढून तिथे तपासलेली अक्षरं भरता येतात.

हे तुकडे जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या पती-पत्नींनी शोधले. त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९६८ चा. रेजी मूळचे हिरोशिमाचे. किशोरवयात अणुबॉम्बच्या किरणोत्साराच्या कचाट्यात सापडले आणि १९७५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, ल्युकेमियाने गेले. डीएनएची नक्कल कशी निघते हे जगाला दाखवणारा माणूस डीएनएला झालेल्या इजेतून येणाऱ्या आजाराने गेला. त्सुनेकोबाईंनी पुढे काम चालू ठेवलं. परीक्षेत 'ओकाझाकी फ्रॅगमेंट' लिहिशील तेव्हा त्या नावात दोन माणसं आहेत, हे आठवू दे.

वेगाचं थोडक्यात सांगते. आपलं पॉलिमरेज सेकंदाला ५० च्या आसपास अक्षरं लावतं. सगळं काम एकाच जागेवरून, एकाच दिशेने करायचं म्हटलं तर ४ वर्षं लागतील. प्रत्यक्षात ते आठेक तासांत उरकतं, कारण हजारो ठिकाणी एकदम सुरुवात होते.

चुकांचा हिशेब मात्र सावकाश बघू. दोन्ही बाजू धरून १,२८० कोटी नवी अक्षरं लागतात. पॉलिमरेज निवडून अक्षर घेतं, तरी लाखात एखादं चुकतं. म्हणजे एका नकलेत सव्वा लाखाच्या वर चुका. त्यातल्या बहुतेक ते जागच्या जागी खोडतं: चुकीची जोडी नीट बसत नाही, टोक सैल होतं, एन्झाइमच्या दुसऱ्या खोबणीत सरकतं आणि तिथे कापलं जातं. आता उरल्या हजारभर. मग मागून मिसमॅच रिपेअरची प्रथिनं येतात. त्यांच्यापुढे प्रश्न असा की जोडी चुकली आहे हे दिसतं, पण दोन अक्षरांतलं खरं कुठलं? खरं जुन्या धाग्यावरचं. जंतूंमध्ये जुन्या धाग्यावर मिथाइल नावाच्या लहान रासायनिक गटाच्या खुणा असतात, त्यावरून ओळख पटते. आपल्या पेशींत नव्या धाग्यातल्या अजून न सांधलेल्या फटी ही खूण ठरते. तुला निरर्थक वाटणारे ते तुकडे इथेही उपयोगी पडतात. एवढं झाल्यावर अब्जात एखादी किंवा त्याहूनही कमी चूक उरते.

आता उपयोगाचं. दूर जायला नको, माझ्या टेबलावरच्या दोन स्लाइड सांगते.

पहिली रक्ताची. अथणीकडच्या एक आजी. माळकरी घर, आयुष्यभर शाकाहार, दूधही नावाला चहात तेवढं. थकवा, जिभेची आग, पायांना मुंग्या. एका ठिकाणी 'रक्त कमी आहे' म्हणून चार महिने लोहाच्या गोळ्या दिलेल्या, फरक शून्य. लेशमन रंग दिलेली स्लाइड खाली ठेवली तर तांबड्या पेशी कमी होत्या, पण एकेक पेशी मोठी आणि अंडाकृती. लोह कमी असलं तर पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे उलटं. आणि कडेला एक पांढरी पेशी, न्यूट्रोफिल, जिच्या केंद्रकाला सहा खंड. नेहमी तीन-चार असतात. निदान त्या एका पेशीत होतं. पुढे रक्तातलं बी १२ तपासून ते पक्कं झालं.

बी १२ कमी पडलं की फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व अडकून बसतं आणि पेशीला 'टी' हे अक्षर पुरेसं तयार करता येत नाही. पॉलिमरेजला टी मिळत नाही, त्या जागी ते यू, म्हणजे आरएनएमध्ये टीच्या जागी असणारं अक्षर, बसवतं. दुरुस्ती करणारी एन्झाइमं यू बघून कापायला येतात, परत टी नाही, परत यू. धागा जागोजागी तुटत राहतो. नक्कल अडते, पण आरएनएला टी लागतच नसल्याने प्रथिनं बनत राहतात आणि पेशी फुगत जाते. केंद्रक मागे, देह पुढे. त्यातल्या पुष्कळ पेशी मज्जेतच मरतात. ज्या बाहेर पडतात त्या अशा मोठ्या. जीभ सोलवटते तीही त्यामुळेच, कारण तिथल्या पेशींनाही सतत नक्कल काढावी लागते. बी १२ ची इंजेक्शनं सुरू केल्यावर आठवड्याच्या आतच नव्या तांबड्या पेशींची संख्या उसळलेली दिसली. पायांच्या मुंग्या कमी व्हायला मात्र बरेच महिने गेले. आपल्याकडे माळकरी, जैन, लिंगायत घरांत हे पुष्कळ दिसतं. अशा वेळी नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्यांवर भागवू नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

दुसरी स्लाइड तू निपाणीकडची आहेस म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या भागात तंबाखूवर किती घरांची चूल पेटली आहे ते मला माहीत आहे. पीक काढणाऱ्यांना, वखारीत काम करणाऱ्यांना, विड्या वळणाऱ्या बायकांना मी नावं ठेवणार नाही. पण गालात तंबाखूची गोळी धरल्यावर आत काय होतं, हे तुझा पाठ फार स्वच्छ सांगतो.

तंबाखू सुकवताना, मुरवताना त्यात नायट्रोसामाइन तयार होतात. शरीरात गेल्यावर त्यांच्यापासून बनलेली द्रव्यं डीएनएवरच्या जी ला एक लहानसा मिथाइल गट चिकटवतात. ही इजा झाली, पण हा अजून बदल नव्हे. आपल्या पेशीत तो मिथाइल काढून स्वतःवर घेणारं एक प्रथिन आहे. त्याचा एक रेणू एकदाच वापरता येतो, मग तो निकामी. वेळेवर काढलं तर खूणसुद्धा राहत नाही. पण त्याआधी नक्कल सुरू झाली तर पॉलिमरेजला तो जी ए सारखा भासतो आणि समोर सी ऐवजी टी बसतो. पुढच्या नकलेत त्या टी समोर ए येतो. आता दोन्ही धागे एकमेकांशी जुळतात. कुठलंच एन्झाइम त्याला चूक म्हणणार नाही. जी-सी होतं तिथे ए-टी झालं, कायमचं.

इजेचा बदल होतो तो नकलेमुळे. म्हणून जिथे पेशी सतत दुभंगतात तिथे धोका जास्त. गालाच्या आतलं अस्तर दोन-तीन आठवड्यांत नवं होतं. रोज तंबाखू, रोज इजा आणि दुरुस्तीला उसंत न देणारी नक्कल. बहुतेक बदल निरुपद्रवी जागी पडतात. पण एखादा पी-५३ सारख्या जनुकात पडला, म्हणजे डीएनए बिघडलेला असताना 'थांब, आधी दुरुस्त कर' म्हणणाऱ्या रखवालदारातच, की पुढच्या चुका भराभर साठतात.

गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा माझ्याकडे येतो तेव्हा मी काय बघते? निरोगी अस्तरात फक्त तळाच्या एक-दोन थरांतल्या पेशी दुभंगतात, वर जाताना त्या चपट्या आणि शांत होतात. चट्टा बिघडायला लागला की केंद्रकं मोठी, वेडीवाकडी आणि गडद निळी दिसतात. गडद म्हणजे त्यात डीएनए जास्त. आणि जिथे दिसायला नको अशा वरच्या थरातही पेशी दुभंगताना सापडतात. त्या पायरीवर पकडलं आणि तंबाखू सुटला तर माणूस वाचण्याची शक्यता खूप मोठी असते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही घरात कुणाला असेल तर दुखायची वाट न बघता दाखवायला घेऊन जा. सुरुवातीला हे दुखत नाही.

मिसमॅच रिपेअरही मला रोजच्या कामात भेटतं. मोठ्या आतड्याच्या काही गाठींवर आम्ही त्या प्रथिनांसाठी खास रंग देतो. प्रथिन जागेवर असेल तर केंद्रक तपकिरी दिसतं. गाठीतली केंद्रकं कोरी आणि शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी दिसल्या की पुढे तपासावं लागतं. एखाद्या घराण्यात हा दोष वारशाने आलेला असतो आणि भावंडांना कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग होतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. कळलं तर बाकीच्यांची वेळेत तपासणी करता येते. या दुरुस्तीचा उलगडा करणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना, डीएनए दुरुस्तीवरच काम करणाऱ्या आणखी दोघांबरोबर, २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणखी किती सांगू? नागीण झाल्यावर देतात ते असायक्लोव्हिर म्हणजे ३ प्राइमचं टोक नसलेलं खोटं अक्षर. विषाणूचा धागा तिथे संपतो. कर्करोगावरची मेथोट्रेक्सेट, फ्लुओरोयुरॅसिल ही औषधं पेशीचा टीचा पुरवठा तोडतात. केमोत केस का गळतात आणि तोंड का येतं, हे तू आता स्वतः सांगू शकशील. कोविडची आरटी-पीसीआर म्हणजे नळीत केलेलं रेप्लिकेशनच: आरएनएचा आधी डीएनए करायचा, हेलिकेजच्या जागी उष्णता, प्रायमेजच्या जागी बाहेरून टाकलेले प्राइमर. दर फेरीला दुप्पट, ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर.

परीक्षेचं एक सांगते. आकृती काढताना आधी चारही टोकांना ५ प्राइम, ३ प्राइम लिही, बाण नंतर काढ. बहुतेकांचे गुण तिथेच जातात.

आणि कॉलेजात कांद्याच्या मुळांचं प्रॅक्टिकल आलं की मुळं सकाळी काप, तेव्हा दुभंगणाऱ्या पेशी चांगल्या सापडतात. स्लाइडवर १०० पेशी मोज. सगळे जण गुणसूत्रं दिसणाऱ्या मोजक्या पेशींच्या मागे असतात. तू बाकीच्या बघ, गोल केंद्रकाच्या, ज्यांना जर्नलमध्ये नुसतं 'इंटरफेज' (दोन विभाजनांमधला काळ) लिहून सोडून देतात. त्यातल्या कितीतरी त्या घटकेला नक्कल काढत होत्या. साध्या रंगाने त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. हर्बर्ट टेलर या शास्त्रज्ञांनी फाबा बीन या शेंगवर्गीय झाडाच्या मुळांना किरणोत्सारी थायमिडिन दिलं होतं आणि नव्या धाग्यांच्या जागी फिल्मवर काळे ठिपके उमटलेले बघितले होते. थायमिडिन म्हणजे तोच टी, आजींच्या मज्जेत कमी पडलेला.